छतातील दिवे : वॅटआधी डोळ्यांचा विचार हवा

नव्या घराचा ताबा मिळाला किंवा जुन्या घराचे नूतनीकरण काढले, की आजकाल पहिला विषय निघतो तो फॉल्स सीलिंगचा. पीओपी किंवा जिप्समचे छत तयार होते, त्यात ठरावीक अंतरावर भोके पडतात आणि त्या भोकांत दिवे बसतात. ट्यूबलाइटची पट्टी आणि लोंबणारी वायर नाहीशी होते, छत सपाट दिसते, घराला टापटीप येते. मात्र हे सारे पाहताना खोली रिकामी असते आणि पाहणारा उभा असतो. दिव्यांची खरी परीक्षा त्यानंतर होते; माणसे त्या खोलीत बसू, वाचू आणि आडवी होऊ लागतात तेव्हा.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरी ही परीक्षा आईच्या खोलीत झाली. दहा बाय बारा फुटांच्या खोलीच्या छतात कंत्राटदाराने बारा वॅटचे आठ पांढरेशुभ्र दिवे बसवले होते. त्यातील दोन नेमके उशीच्या वर आले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आई संध्याकाळी पाठ टेकली, की पदर डोळ्यांवर ओढून पडे. दिवे लावले तर डोळे दिपत आणि न लावले तर अंधारात चाचपडावे लागे. खोलीत प्रकाश भरपूर होता. परंतु तो तिच्या कामाचा नव्हता.

अशी तक्रार अनेक घरांत ऐकू येते. तिचे मूळ दिव्यांच्या दर्जात असतेच असे नाही. 'जास्त वॅट म्हणजे चांगला दिवा' हा हिशेब त्यामागे असतो. छतातील दिव्याबाबत विचारायचा पहिला प्रश्न वेगळाच आहे : प्रकाश वस्तूवर पडतो की डोळ्यांत शिरतो? या एका प्रश्नाच्या आधाराने दिव्यांच्या खोक्यावरील सारे आकडे वाचता येतात.

हॅलोजनपासून एलईडीपर्यंत

छतात बुडवलेल्या दिव्यांची सुरुवात आपल्याकडे दुकाने आणि हॉटेलांतून झाली. त्या काळी त्यात एमआर-१६ नावाचे हॅलोजन दिवे असत. सुमारे दोन इंच व्यासाच्या, आरशासारख्या वाटीत बसवलेला हा दिवा बारा व्होल्टवर चाले आणि त्यासाठी छतात वेगळा ट्रान्सफॉर्मर ठेवावा लागे. एक दिवा बहुधा ५० वॅटचा असे; सहा दिवे म्हणजे ३०० वॅट आणि तेवढीच उष्णता. पुढे सीएफएलचे डबे आले. त्यात नेहमीच्या बी-२२ खोबणीचा दिवा आडवा बसवला जाई.

त्यानंतर एलईडीने हे चित्र पालटले. निळ्या एलईडीचा शोध लावणारे इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. घरातील पांढरा एलईडी हा मुळात निळाच असतो. त्यावर दिलेल्या पिवळसर लेपामुळे त्यातील काही प्रकाश इतर रंगांत बदलतो आणि एकत्रित प्रकाश आपल्याला पांढरा दिसतो. आपल्या देशात केंद्र सरकारची 'उजाला' योजना ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाली. तिच्याद्वारे ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वितरित झाले आणि किमतीही झपाट्याने उतरल्या. दिवा स्वस्त झाला, वीजही कमी लागू लागली. साहजिकच जिथे दोन दिवे पुरले असते तिथे आठ बसू लागले.

डोळे का दिपतात?

डोळे दिपणे हे केवळ प्रकाशाच्या एकूण प्रमाणावर अवलंबून नसते. तो प्रकाश किती लहान जागेतून बाहेर पडतो यावरही असते. एकच प्रकाश सहा इंच व्यासाच्या दुधी तबकडीतून आला आणि तेवढाच प्रकाश सुमारे अर्धा इंच व्यासाच्या उघड्या ठिपक्यातून आला, तर दुसऱ्या दिव्याचा पृष्ठभाग पहिल्याच्या शंभरपटीहून अधिक तळपतो, कारण तेवढ्या पटीने क्षेत्रफळ कमी झालेले असते. बाजारात 'सीओबी' नावाने मिळणारे दिवे या दुसऱ्या प्रकारात मोडतात. चित्रावर, शोकेसवर किंवा देव्हाऱ्यावर झोत टाकण्यासाठी ते उत्तम. परंतु ते उघडे असतील आणि थेट नजरेत येत असतील, तर त्रासदायक ठरतात.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, दुधी झाकणाचा रुंद दिवा. तो प्रकाश पसरवतो, सावल्या मऊ करतो. दुसरा उपाय म्हणजे दिवा भोकाच्या कडेपासून दोन-तीन इंच आत असणे. दुकानदार त्याला 'डीप रिसेस' किंवा 'डीप' म्हणतात. दिवा जितका खोल, तितका तो तिरक्या नजरेआड राहतो. सोफ्यावर बसलेल्या माणसाला समोरच्या छतातील दिवा दिसत नाही, फक्त खाली पडलेला उजेड दिसतो. काही दिव्यांना मधमाश्यांच्या पोळ्यासारखी काळी जाळी असते. तिचेही काम हेच.

मात्र दिव्याच्या बरोबर खाली उताणे झोपलेल्या माणसाला या खोलीचा काहीही उपयोग नसतो. तो सरळ भोकात पाहत असतो. म्हणूनच पलंगाच्या उशीवर, बाळाच्या पाळण्यावर आणि आजारी माणसाच्या खाटेवर थेट दिवा येऊ नये, हा नियम कोणत्याही दिव्याच्या निवडीपेक्षा महत्त्वाचा आहे. छताचा आराखडा हातात आला, की पलंग आणि सोफ्याच्या जागा त्यावर पेन्सिलीने आखून घ्याव्यात आणि मगच भोकांच्या जागा ठरवाव्यात. अनेक घरांत हा क्रम उलटा होतो. भोके आधी पडतात आणि फर्निचर नंतर येते.

वयस्कर मंडळींच्या बाबतीत हा प्रश्न दुहेरी होतो. वयोमानानुसार बाहुली आकुंचित होते, डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते. ढोबळ अंदाजाने साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतील तरुणाच्या तुलनेत एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणजे वाचायला त्यांना अधिक उजेड लागतो. त्याच वेळी धूसर होत चाललेले भिंग प्रकाश विखुरते, त्यामुळे उघडा दिवा त्यांना तरुणांपेक्षा अधिक खुपतो. 'दिसत नाही म्हणता आणि दिवा लावला की तक्रार करता' असे घरातील मंडळी त्रासून म्हणतात. परंतु या दोन्ही तक्रारी खऱ्या असतात. हातातील पुस्तकावर जास्त प्रकाश आणि डोळ्यांत कमी, हेच त्याचे उत्तर आहे.

वॅट नव्हे, लुमेन

वॅट हे दिवा किती वीज खातो याचे माप आहे. तो किती प्रकाश देतो हे लुमेनमध्ये मोजतात. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० लुमेन प्रकाश देई. आज तेवढा प्रकाश सात ते नऊ वॅटच्या एलईडीतून मिळतो. दोन कंपन्यांच्या दहा वॅटच्या दिव्यांत बराच फरक असू शकतो, म्हणून खोक्यावरील लुमेनचा आकडा वाचावा.

खोलीला किती लुमेन लागतील याचा ढोबळ हिशेब घरच्या घरी करता येतो. एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला, की त्याला एक लक्स म्हणतात. शयनगृहाच्या सर्वसाधारण प्रकाशासाठी १०० ते १५० लक्स पुरेसे होतात. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. १५० लक्ससाठी जमिनीपर्यंत १,६५० लुमेन पोहोचायला हवेत. भिंती आणि फर्निचर यांत निम्मा प्रकाश जिरतो असे धरले, तर छतात ३,३०० लुमेनची सोय करावी लागते. सहा वॅटचा छतातील दिवा साधारण ५५० लुमेन देतो. म्हणजे असे सहा दिवे झाले. १०० लक्सवर भागत असेल, तर चारच.

आता आईच्या खोलीतील आठ दिवे याच हिशेबात मांडून पाहू. बारा वॅटचा एक दिवा सुमारे ११०० लुमेनचा. आठांचे ८,८०० लुमेन. त्यातील निम्मे जमिनीवर पोहोचले तरी ४०० लक्स होतात. एवढा उजेड शयनगृहाच्या गरजेच्या तिपटीच्या आसपास जातो. विजेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. आठ दिवे रोज पाच तास जळले, तर महिन्याला १४.४ युनिट लागतात. सहा वॅटचे सहा दिवे तेवढेच तास जळले, तर ५.४ युनिट. पैशाचा फरक मोठा नाही. परंतु जास्त दाम मोजून त्रास विकत घेण्यात कोणते शहाणपण?

भिंतींचा रंग गडद असेल, तर प्रकाश अधिक जिरतो आणि हिशेब थोडा वाढवावा लागतो. पांढऱ्या छताची व फिक्या भिंतींची खोली कमी दिव्यांतही उजळ वाटते.

रंग : पिवळसर की पांढरा?

खोक्यावर २७००, ३०००, ४०००, ६५०० असे आकडे आणि पुढे 'के' असे अक्षर असते. 'के' म्हणजे केल्विन. आकडा जितका लहान तितका प्रकाश पिवळसर. जितका मोठा तितका निळसर पांढरा. जुना तारेचा बल्ब २७०० च्या आसपास होता. समईची ज्योत त्याहूनही खाली, २००० च्या सुमारास येते. ३००० पर्यंतच्या दिव्याला दुकानात 'वॉर्म व्हाइट', ४००० ला 'नॅचरल' किंवा 'न्यूट्रल व्हाइट' आणि ६५०० ला 'कूल डे लाइट' म्हणतात.

आपल्याकडे ६५०० चा दिवा फार लोकप्रिय आहे. ट्यूबलाइटच्या उजेडात एक पिढी वाढली. पांढरा म्हणजे स्वच्छ आणि लख्ख, पिवळा म्हणजे मंद आणि जुनाट, असे समीकरण मनात बसले. वस्तुतः समान दर्जाच्या पिवळसर आणि पांढऱ्या दिव्यांच्या लुमेनमध्ये फरक थोडाच असतो. पिवळा दिवा मंद वाटतो तो मुख्यतः सवयीमुळे. आठवडाभर त्या उजेडात राहिल्यावर हा समज बहुधा ओसरतो.

रात्रीच्या वेळी रंगाला आणखी एक महत्त्व आहे. दृष्टिपटलातील काही पेशी निळ्या प्रकाशाला विशेष प्रतिसाद देतात आणि शरीराला 'अजून दिवस आहे' असा संदेश पाठवतात, हे या शतकाच्या आरंभी झालेल्या संशोधनाने स्पष्ट झाले. त्यामुळे झोपेशी संबंधित मेलाटोनिन या संप्रेरकाची निर्मिती लांबू शकते. झोपण्यापूर्वीचे दोन तास प्रखर निळसर उजेडात घालवणे त्या दृष्टीने हिताचे नाही. शयनगृहात २७०० ते ३०००, दिवाणखान्यात ३००० ते ४०००, स्वयंपाकघर आणि अभ्यासाच्या जागी ४००० ही निवड बहुतेक घरांना मानवते. एकाच खोलीत दोन वेगळ्या रंगांचे दिवे सरमिसळ लावू नयेत. छत ठिगळ लावल्यासारखे दिसते.

एकाच दिव्यात तीन रंग देणारे पॅनेलही मिळतात. बटण पटकन बंद-चालू केले, की रंग बदलतो. घरात आवडीनिवडी वेगळ्या असतील, तर ते सोयीचे आहेत. मात्र एकाच बटणावरील दिव्यांपैकी एखादा मागे राहून वेगळाच रंग दाखवू लागण्याचा प्रकारही घडतो. खरेदीपूर्वी तीन-चार दिवे एकत्र लावून पाहावेत.

भाजी ताजी दिसते का?

दिव्याखाली टोमॅटो करडा, पोळी फिकट आणि माणसे आजारी दिसत असतील, तर दोष रंगदर्शन निर्देशांकाचा असतो. त्याला सीआरआय म्हणतात. १०० हा त्याचा वरचा टप्पा. तारेचा बल्ब त्याच्या अगदी जवळ पोहोचतो. एलईडीत लाल रंगाची बाजू लंगडी पडण्याचा संभव असतो, कारण मूळ प्रकाश निळा आहे. घरासाठी किमान ८० आणि स्वयंपाकघर, आरसा, शिवणकाम यांसाठी शक्यतो ९० चा दिवा घ्यावा. हा आकडा खोक्यावर छापलेलाच नसेल, तर तो दिवा परत ठेवलेला बरा. दुकानात स्वतःचा तळहात दिव्याखाली धरून पाहावा. त्याचा नेहमीचा गुलाबीपणा टिकला, तर दिवा बरा समजावा.

झोताचा कोन

छतातील दिव्याचा प्रकाश शंकूसारखा खाली उतरतो. या शंकूचा कोन खोक्यावर अंशांत दिलेला असतो. दोन मीटर खाली २४ अंशांच्या दिव्याचे वर्तुळ सुमारे ८५ सेंटिमीटरचे, ३६ अंशांच्या दिव्याचे १.३ मीटरचे आणि ६० अंशांच्या दिव्याचे २.३ मीटरचे पडते. अरुंद झोताचे दिवे खोलीभर लावले, तर जमिनीवर उजेडाची डबकी आणि मध्ये अंधाराचे पट्टे तयार होतात. डोळ्यांना एकातून दुसऱ्यात जाताना सतत जुळवून घ्यावे लागते. सर्वसाधारण उजेडासाठी ६० अंश किंवा अधिक, तर चित्र, मूर्ती किंवा पुस्तकांच्या कपाटासाठी २४ ते ३६ अंश ही विभागणी लक्षात ठेवावी.

आपल्या फ्लॅटमध्ये स्लॅबची उंची सर्वसाधारणपणे नऊ ते साडेनऊ फूट असते. फॉल्स सीलिंगने त्यातील अर्धा फूट घेतला, की दिवा डोक्याच्या आणखी जवळ येतो. मॉलच्या किंवा हॉटेलच्या उंच छतात सुंदर दिसलेला प्रखर दिवा घरात नकोसा वाटतो, त्याचे एक कारण हेही आहे.

लुकलुक आणि डिमर

आपला वीजपुरवठा सेकंदाला ५० आवर्तनांचा आहे. दिव्याच्या आतील 'ड्रायव्हर' हलक्या दर्जाचा असेल, तर प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. तो थेट दिसत नाही. तरीही अशा उजेडात दीर्घकाळ वाचल्यास काहींना डोकेदुखी किंवा डोळ्यांवर ताण जाणवतो. याची साधी चाचणी मोबाइलने करता येते. कॅमेरा दिव्याकडे धरला असता पडद्यावर ठळक काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा वाचनाच्या जागी लावू नये. ही चाचणी अचूक नाही. परंतु दोन दिव्यांत डावे-उजवे करायला पुरेशी आहे.

उजेड कमी-जास्त करण्याची सोय हवी असेल, तर खोक्यावर 'डिमेबल' असे लिहिलेलाच दिवा घ्यावा आणि डिमरही एलईडीसाठी बनवलेला असावा. पंख्याचा रेग्युलेटर या कामाला वापरू नये. हॅलोजनच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवर एमआर-१६ आकाराचा एलईडी लावल्यावर तो लुकलुकतो, अशी तक्रारही नेहमीची आहे. ५० वॅटच्या भारासाठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरला पाच वॅटचा भार पुरत नाही. तो बदलून एलईडीचा ड्रायव्हर घालावा.

बटण बंद केल्यावरही दिवा मिणमिणत राहत असेल, तर बटणातील इंडिकेटरमधून झिरपणारा अल्पसा प्रवाह त्याचे कारण असू शकते. फेजऐवजी न्यूट्रलवर बटण जोडले गेले असण्याचीही शक्यता असते. दुसरी बाब धोक्याची आहे, कारण बटण बंद असूनही दिव्यात वीज खेळत राहते. ती परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावी.

उष्णता आणि आयुष्य

एलईडीचा प्रकाश गरम नसला तरी त्याची पाठ तापते. ही उष्णता वरच्या पोकळीत निघून जायला हवी. दिवा पीओपीत घट्ट कोंबलेला असेल, वर धूळ किंवा कापसाचे अस्तर असेल, तर ड्रायव्हरमधील कपॅसिटर लवकर निकामी होतो. तापमान दहा अंशांनी वाढले, की त्याचे आयुष्य निम्म्यावर येते, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. खोक्यावर लिहिलेले २५ हजार तास हे योग्य तापमानासाठीचे असतात. शिवाय हे तास संपले म्हणजे दिवा विझतोच असे नाही. सर्वसाधारणपणे त्याचा प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर आला, की आयुष्य संपले असे मानतात. सीएफएलच्या जुन्या बंद डब्यात एलईडी बल्ब लावायचा झाल्यास खोक्यावर बंदिस्त जागेबाबत काही मनाई आहे का, ते पाहावे.

बहुतेक पॅनेलमध्ये दिवा आणि चौकट एकच असते. बिघडल्यास संपूर्ण नग बदलावा लागतो. चार वर्षांनी तोच आकार मिळाला नाही, तर छत कापावे लागते. यासाठी भोकाचे माप सर्वत्र मिळणारे ठेवावे, ते लिहून ठेवावे आणि प्रत्येक प्रकारचा एक दिवा जास्तीचा घेऊन ठेवावा. ड्रायव्हर वेगळा बदलता येणारा दिवा मिळत असल्यास त्याला प्राधान्य द्यावे.

कोणत्या खोलीत काय?

*दिवाणखाना* : सारे दिवे एका बटणावर नकोत. कडेचे, मधले आणि चित्रांवरचे असे किमान दोन-तीन भाग करावेत. टीव्ही पाहताना त्याच्या समोरचे दिवे बंद करता आले पाहिजेत. नाहीतर ते पडद्यात उमटतात. भिंतीलगतचा दिवा दोन ते अडीच फूट आत घ्यावा.

*स्वयंपाकघर* : ओट्यापाशी उभे राहिल्यावर छतातील दिवा पाठीमागे राहतो आणि विळीवर किंवा सुरीवर आपलीच सावली पडते. यावर छतात दिवे वाढवणे हा उपाय नव्हे. ओट्यावरील कपाटाखाली पट्टीचा दिवा लावावा.

*शयनगृह* : छतातील दिवे पायथ्याकडे किंवा भिंतीलगत, पिवळसर आणि मोजके. वाचनासाठी उशाशी छटा असलेला वेगळा दिवा. एक बटण पलंगावरून हाताला लागणारे असावे.

*मुलांचा अभ्यास* : केवळ छतातील दिव्यावर विसंबू नये. टेबलावर स्वतंत्र दिवा असावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्यासाठी तो डाव्या बाजूला ठेवावा.

*न्हाणीघर* : ओलाव्यापासून संरक्षण असलेला, किमान आयपी-४४ दर्जाचा दिवा घ्यावा. आरशासमोर फक्त डोक्यावरचा दिवा असेल, तर डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पडतात. आरशाच्या दोन्ही बाजूंना दिवे असल्यास दाढी करणे सोपे होते.

*पॅसेज* : रात्री उठणाऱ्या ज्येष्ठांसाठी जमिनीलगत एक मंद पिवळा दिवा पुरतो. झोपेतून उठल्यावर प्रखर दिवा लावला, की काही क्षण काहीच दिसत नाही आणि ठेच लागण्याचा धोका असतो.

खरेदीला जाताना

खोक्यावर लुमेन, केल्विन, सीआरआय आणि झोताचा कोन हे चार आकडे शोधावेत. भारतीय मानक ब्यूरोचा 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. बीईईच्या ताऱ्यांचे लेबल असल्यास तेही पाहावे. ते वीजबचत सांगते, डोळ्यांचे सुख नव्हे. काही दिव्यांवर 'यूजीआर १९ पेक्षा कमी' असे लिहिलेले असते. यूजीआर हे डोळे दिपण्याचे माप आहे आणि १९ ही कार्यालयांसाठी रूढ असलेली मर्यादा आहे. परंतु प्रत्यक्ष आकडा खोलीचा आकार आणि दिव्यांची मांडणी यांवर ठरतो, म्हणून या छपाईवर संपूर्ण भिस्त ठेवू नये. बिल आणि हमीपत्र जपून ठेवावे.

सर्वांत उपयोगी सूचना अशी : सगळे दिवे एकदम घेऊ नयेत. एक दिवा आणावा, लांब वायर जोडून तो वायरमनकडून छताच्या उंचीवर तात्पुरता धरवावा, रात्र झाल्यावर खाली बसून आणि आडवे होऊन पाहावे. घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला आधी विचारावे. त्यांना न खुपणारा दिवा बहुधा कोणालाच खुपत नाही.

दिवे आधीच बसले असतील तर?

छत फोडण्याआधी काही सोपे उपाय करून पाहावेत. आठ दिवे एकाच बटणावर असतील, तर वायरमनकडून त्यांचे दोन भाग करून घ्यावेत. त्याच मापाचा कमी वॅटचा आणि पिवळसर दिवा मिळतो का, ते पाहावे. उघडा ठिपका असलेल्या दिव्याच्या जागी दुधी झाकणाचा किंवा खोल बसणारा दिवा घालावा. पलंग दोन फूट सरकवल्यानेही प्रश्न सुटू शकतो आणि त्याला काहीच खर्च येत नाही. दिव्यावर कागद किंवा कापड चिकटवण्याचा उपाय मात्र करू नये, उष्णता कोंडते. कोणतेही काम करण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा.

आईच्या खोलीत अखेर हेच करण्यात आले. उशीवरील दोन दिवे काढून ती भोके बुजवली. मधले दोन दिवे बंद ठेवले. उरलेल्या चार जागी सहा वॅटचे, दुधी झाकणाचे, ३००० केल्विनचे दिवे बसवले आणि उशाशी एक वाचनाचा दिवा ठेवला. आठ दिव्यांच्या ९६ वॅटऐवजी छतात आता २४ वॅट जळतात. ती संध्याकाळी दिवा लावून आडवी होते आणि पोथी किंवा वर्तमानपत्र वाचते. पदर आता खांद्यावरच असतो.